हाताचं भाडं

सन एकोणीसशे सव्वीस, माझं वय बावीस, आणि त्या साली साऱ्या खेड तालुक्यात माझ्या भावोजींएवढा धडधाकट लुळा माणूस दुसरा नव्हता, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. मी शाळा दुसरीत सोडली, पण पाहिलं ते पाहिलं. भावोजी पलटणीतले शिपाई. दहा वर्षांपूर्वी जर्मन युद्धात, बसऱ्याकडच्या लढाईत उजव्या खांद्यातून गोळी गेलेली. हात छातीच्या वर उचलत नसे, जोताची, म्हणजे नांगराची, मूठ धरवत नसे. पण लुळा म्हटलेलं खपत नसे. ऐन वैशाखात पलटणीचा लोकरी कोट घालून हात खिशात ठेवत, जसा काही तो आपखुशीने तिथे बसलाय. विहिरीचा दोर डाव्या हाताने ओढायचा, दातांत धरायचा, पुन्हा ओढायचा. बायका हसल्या की घागर खाली ठेवून म्हणत, "देवानं बत्तीस दात काय नुसते भाकरीला दिले?" जेवताना मात्र भिंतीकडे तोंड करून बसत. डाव्या हाताने घास घेताना कुणी बघू नये, एवढंच.

सरकार त्यांना जखमेची पेन्शन देई. त्यावर माझ्या बहिणीची चूल पेटे. त्या साली कागद आला, की रत्नागिरीला डॉक्टरसाहेबांना पुन्हा हात दाखवावा. काम होत नसेल तर पेन्शन चालू, होत असेल तर बंद. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. 'काम करण्यास असमर्थ' इथवर आलो तसे भावोजी उठले. "मी नाय जानार. भीक हाय ती."

"भीक कशी?" मी म्हटलं. "हात सरकारनं वापरला नि मोडला. त्याचं भाडं हाय ते."

त्यांनी मिशी कुरवाळली. "भाडं? मग घ्यायला हरकत नाय."

बहीण म्हणाली, "तिथं तरी मर्दपणा नका दाखवू. दुखतंय तर दुखतंय म्हणा."

वाटभर मी त्यांना हेच पढवलं. पण डॉक्टरसाहेब निघाले फौजी. ते खोलीत आले मात्र, भावोजींच्या टाचा जुळल्या आणि दहा वर्षं छातीच्या वर न गेलेला तो उजवा हात कानशिलाला जाऊन भिडला. कपाळावर घाम फुटला. साहेब खूश होऊन लिहायला लागले. मी ओरडलो, "साहेब, आज पहिल्यांदाच उचललाय!" साहेबांनी भावोजींनाच विचारलं, "दर्द है?"

"नहीं, साहेब!"

पेन्शन बंद झाली. परतताना ते म्हणाले, "मेव्हण्या, साहेबापुढं डाव्या हातानं सलाम कसा करू, सांग."

घरी बहीण कोट उतरवायला गेली, तर हात सुजून बाहीत अडकलेला. तिने बाही उसवली. त्या दिवशी जेवायला ते भिंतीकडे वळले नाहीत. तिने भरवलं, ते जेवले.

मिरगाचा पाऊस पडून गेला होता, त्यांचं शेत तसंच बिननांगरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे बैल घेऊन मी तिथे जोत घातलं. भावोजी बांधावर ताठ उभे राहून हुकूम सोडत होते, "तास वाकडं जातंय, सरळ घे!" जन्मात कुणाचं न ऐकलेला मी, सरळ घेत गेलो.