दोन जावा आणि तिसरी

उंद्रीच्या त्या घरात मिठाचा चहा एकदाच झाला, पण त्याचा विषय आठवड्यातून तीनदा निघतो. धाकटी सून सुवर्णा हिनं साखरेचा डबा रिकामा दिसला म्हणून हाताशी असलेलं मीठ त्यात ओतलं. मग बदलू म्हणाली. ते 'मग' काही आलं नाही, आले ते मामेसासरे किसनराव. बिचाऱ्यांनी कप संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "चहा... तब्येतीचा झाला."

तेव्हापासून थोरली जाऊ राखी आणि मधली प्रेरणा, दोघींनी स्वयंपाकघरात पहाराच बसवला. सुवर्णाचा हात डब्याकडे गेला की मागून आवाज, "काय व, काय टाकून राह्यली?"

सुवर्णा बी.एस्सी., कॉलेजात गणितात पहिली. डब्यांच्या बाबतीत मात्र तिचा एकच नियम: रिकामा दिसला की भरा.

अशात चिखलीच्या एका कॉम्प्युटर क्लासची बातमी आली. सहा महिने शिकवणार, मग तिथल्याच एका छोट्या कंपनीत कामाला लावणार. जागा एकच उरलेली. फॉर्मवर प्रश्न होता: पहिली भाषा कोणती घ्याल, जावा की पायथन? आणि का? ते 'का' शनिवारी मॅडमसमोर बसून सांगायचं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुठल्याशा कागदावर तिचं नाव 'सौ.' न लावता लिहिलं गेलं होतं. सुवर्णानं तो फॉर्म उशीखाली ठेवला.

अडचण एकच होती. रोज सकाळी नवाची एसटी धरायची तर तिच्या वाटच्या भाकरी कोणीतरी थापायला हव्या होत्या. म्हणून तिनं सासू कोकिळाबाईंसमोर, दोघी जावांच्या देखत, विषय काढला.

"आत्याबाई, मले जावा शिकायची हाय."

कोकिळाबाईंचा हात परातीत थांबला. "जावा? दोन हायत की घरात. चार वर्सं झाले, त्याच नाई समजल्या तुले?"

"अन् आमाले शिकाले चिखलीले जानार?" राखीनं कमरेवर हात ठेवले. "आमच्यावर क्लास निंघाला काय व?"

"परीक्षा बी हाय म्हने," प्रेरणा म्हणाली. "म्हंजे मार्कं बी पडतीन आमच्यावर!"

"अव ताई, भाषा हाय ते! कॉम्प्युटरची!"

"जावांची भाषा सांगू नको मले," राखी म्हणाली. "टोमने! त्याले क्लास कायले लागते?"

"मंग दुसरी घे ना," कोकिळाबाईंनी तोडगा काढला.

"दुसरी पायथन."

प्रेरणानं लगेच मोबाइलवर पाहिलं आणि फोन सासूपुढं धरला. पडद्यावर वेटोळं घालून बसलेला अजगर. कोकिळाबाईंनी परात मागं ओढली. "हे अजिबात नाई. गोठ्यात वासरू हाय लहानं!"

शेवटी राखीनं निकाल दिला. "जाय तू शिकाले. तुह्या भाकरी मात्र तूच थाप."

शनिवारी सुवर्णा भाकरी थापून, पीठ लागलेल्या मनगटानंच एसटीत चढली. क्लासमध्ये तिच्या आधीच्या सगळ्या मुली एकच उत्तर देऊन आल्या होत्या, "स्कोप आहे." शिकवणाऱ्या स्नेहलता मॅडम ते ऐकून ऐकून पेंगुळल्या होत्या.

"तुम्ही जावा लिहिलंय," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला पायथन सोपं जातं. माहीत आहे ना?"

"हो मॅडम. आठ दिवस दोन्हींचे व्हिडिओ पाहिले. पायथनमध्ये माहिती ठेवायच्या कोणत्याही डब्यात काहीही भरता येतं, आकडा असो की नाव." ती जरा थांबली. "मले तेच येते. तोच तर घोळ हाय माहा!"

आणि तिनं मिठाच्या चहाची गोष्ट सांगितली, किसनरावांच्या मिशांसकट.

"पायथन चूक दाखवते मॅडम, पण प्रोग्राम चालू झाल्यावर, म्हंजे पाहुन्यानं घोट घेतल्यावर. जावा चूल पेटायच्या आधीच हात धरते. डबा साखरेचा सांगितला ना, मंग मीठ कायले टाकते? मले घरी दोन जावा हायत. त्यायच्यामुळं दुसरा खारट चहा झाला नाई. म्हनून तिसरी बी जावाच पाहिजे."

मॅडमना हसू आवरेना. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि फॉर्मवर सही ठोकली. "सोमवारी या."

घरी आल्यावर सुवर्णानं सगळं जसंच्या तसं सांगितलं. राखीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मॅडमपुढं आमचं नाव काढलं?"

"हाव. चांगलं काढलं."

"मंग..." राखीनं घसा साफ केला. "नवाच्या गाडीच्या आधी भाकरी होऊन जातीन. मी अन् प्रेरणा पाहून घेऊ. पन ते जावा आमच्यातून कोनासारखी हाय?"

सुवर्णानं चहाचं आधण ठेवलं. "चुका तुमच्यासारख्या काढते, राखीताई. अन् एवढुशी गोष्ट सांगाले प्रेरणाताईसारखं लांबन लावते."

"मी लांबन लावतो?" प्रेरणा उसळली.

"मंग! परवा एक मिरची मांगाले अर्धा घंटा लावला तुनं," राखी म्हणाली.

"अन् तुमी कोनाच्या चुका नाई काढत?"

दोघींची चांगलीच जुंपली. कोकिळाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. सुवर्णानं हळूच फळीवरच्या डब्यात हात घातला. भांडण मध्येच तोडून, मान न वळवता, दोघी एकदमच ओरडल्या,

"काय टाकून राह्यली?"

सुवर्णानं मुठीत पाहिलं. मीठ होतं.