अळ्यांच्या शेतात फवारणी

वृंदा सोयाबीनचं नवं वाण तयार करत होती. गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमधून ती रोज बजबजपलीकडच्या शेतावर जायची. एका बियाणे कंपनीचं ते शेत. बारीक दाण्याचं, पण अळीला दाद न देणारं एक वाण आणि शेंगांनी लगडणारं, पण अळीचं लाडकं दुसरं, यांचा संकर करून वर्षानुवर्षं, रोपांच्या पिढीमागून पिढी निवडत तिने मोजकीच रोपं राखली होती. यंदा त्यांची शेवटची परीक्षा होती आणि परीक्षक होत्या अळ्या. म्हणून फवारणीला सक्त मनाई. उलट शेजारच्या शेतांतल्या अळ्या डब्यात भरून आणून ती इथे सोडायची. घाईही होती, उन्हाळ्यात नवऱ्याची, शरच्चंद्रची, बदली ठरलेली. अशाच बदल्यांपायी आधीच्या गावांतली तिची कामं अर्धवट सुटली होती.

सोमवारी ती शेतावर पोचली, तर औषधाचा उग्र वास आणि सऱ्यांमध्ये मेलेल्या अळ्यांचा खच.

"काय चाळणी झाली होती पानांची, वृंदादी!" व्यवस्थापक बसू खुशीत होते. "उद्या सॉल्ट लेकच्या मुख्य कचेरीतून साहेब येतायत. काल फवारून घेतलं. वाचवलं तुमचं पीक!"

"वाचवलंत? भर परीक्षेत परीक्षकालाच मारलंत तुम्ही!"

"रागावू नका हो. हिरवंगार दिसतंय ना? साहेबांना सांगा, वाण अळीला पुरून उरलं."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पानं कुरवाळली, फोटो काढले. वृंदा म्हणाली, "याचं कौतुक नको. फवारलंय हे. यातलं कुठलं रोप अळीला टिकतं, ते मला माहीत नाही. पुढच्या खरिपात पुन्हा लावावं लागेल."

बसूंनी मान फिरवली.

रात्री जेवताना शरच्चंद्र म्हणाला, "बोलायची काय गरज होती? पुढच्या वर्षी आपण इथे नसणार. चांगलं आहे म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

वृंदाने हातातला डाव आमटीत आपटला. "आणि ते बी कुणी पेरलं म्हणजे? अळीला काय सांगायचं, बाईंची बदली झाली होती म्हणून?"

"अगं, पण..."

"बदली तुमची आहे. मी पुढच्या खरिपाला इथेच असणार."

"क्वार्टर सोडावं लागेल."

"बजबजला खोली बघते."

"आणि माझ्या जेवणाचं?"

"कुकर लावायला शिका. वरणभाताला काही पिढ्या लागत नाहीत."