लिमयेकाकांचा विरोध

सुधाकर लिमयांनी माझ्या सूर्यास्ताला पहिल्यांदा विरोध केला, तेव्हा ते इथे इंग्लंडमध्ये माझ्या घरापासून दोनच राउंडअबाउट पलीकडे राहतात हे मला माहीत नव्हतं. आम्ही काही हौशी मराठी माणसं इंटरनेटवर सुवचनांचा एक संग्रह चालवतो. कोणीही यावं, एखाद्या विषयाच्या पानावर वचन घालावं, शेजारी चित्र सुचवावं. चित्र मात्र सगळ्यांची संमती मिळाल्याशिवाय लागत नाही. ‘धीर’ या पानासाठी मी कॉर्नवॉलच्या समुद्रावरचा, स्वतः काढलेला सूर्यास्त दिला होता. खाली लिमयांनी लिहिलं, ‘विरोध. सूर्य यात कसला धीर धरतो आहे? तो रोजच्या वेळेला घरी चालला आहे.’

मी चिडून लिहिलं, की फोटो सुंदर आहे. त्यावर उत्तर आलं, ‘सुंदर आहे हे कारण नव्हे. तीच माझी तक्रार आहे.’

अशी आमची ओळख वाढत गेली. मेणबत्ती, उमलतं कमळ, डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा असलेला तरुण, कशाचीही त्यांनी गय केली नाही. ‘या चित्राची आणि वचनाची ओळख कोणी करून दिली आहे का?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक उंच, वाकलेले गृहस्थ बॅनरवरच्या मोदकाकडे बघून म्हणाले, ‘‘नाइस आहे, पण रेलेव्हन्स काय?’’ तेव्हा मी मागे वळून थेट विचारलं, ‘‘लिमयेकाका का?’’ त्यांनी मला चहाला बोलावलं. मी भांडायची तयारी करून गेले.

काका रेल्वेच्या सिग्नल विभागात इंजिनिअर होते. ‘‘गाड्या थांबवायचाच पगार घेतला आयुष्यभर,’’ असं सांगताना त्यांना अभिमान वाटायचा. सुशीलाकाकू गावच्या कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरीला होत्या. आता त्यांची नजर जवळजवळ गेली होती. कडेकडेने सावल्या दिसत, तेवढंच. वाचन सुटलं, स्वयंपाक सुटला, फोन करणं सुटलं. त्या खिडकीशी बसून असायच्या.

चहा झाल्यावर काकांनी टॅब्लेट उघडला आणि मला खुणेने गप्प बसवलं.

‘‘पान, कृतज्ञता. फोटोत दोन हात आहेत, जोडलेले.’’

‘‘कोणाचे?’’ काकू म्हणाल्या.

‘‘दिसत नाही. नुसते हात.’’

‘‘धड नाही, तोंड नाही, आणि कृतज्ञ कशावरून? पैसे मागत असतील. काढा.’’

काकांनी निमूटपणे टाइप केलं. आमच्या सगळ्या संग्रहाला ज्याची धास्ती, तो विरोधक नुसता लेखनिक निघाला. एक चित्रही न दिसणारी बाई आमची चित्रं नापास करत होती, आणि खरं सांगायचं तर बरोबरच करत होती.

मला सोडायला काका गाडीपर्यंत आले. म्हणाले, ‘‘दिवसभरात ही एवढाच वेळ बोलते. तेही भांडायला. मला चालतं.’’ मग एकदम कडक झाले. ‘‘हे तिकडे लिहायचं नाही, मुग्धा. हिच्या डोळ्यांवर मला सिंपथी व्होट नकोय.’’

पंचाईत अशी, की पुढच्याच महिन्यात मत द्यायची वेळ आली. ब्रिस्टलचा निनाद, विमानांच्या कारखान्यातला हुशार मुलगा, लिमयांमुळे अर्धी पानं बोडकी राहिली म्हणून वैतागला होता. लिमयांना चित्रांच्या चर्चेत भाग घ्यायला मनाई करावी, असा ठराव त्याने मांडला. मी तात्त्विक मुद्द्यांवर भांड भांड भांडले. खरा मुद्दा सांगायची सोय नव्हती. ठराव पास झाला. काकांनी खाली एवढंच लिहिलं, ‘निर्णय मान्य.’ आठवड्याभरात सगळ्या पानांवर सूर्य मावळायला लागले.

रविवारी मी घाबरतच त्यांच्याकडे गेले. काकू काहीच बोलेनाशा झाल्या असतील, अशी माझी कल्पना. तर आतून काकांचा खणखणीत आवाज. ‘‘निनाद म्हणतो, प्रतिमेला अर्थाचं ओझं वाहायला लावणं हा प्रतिमेवर अन्याय आहे.’’

‘‘त्याला म्हणावं, मग प्रतिमेला घरी बसव,’’ काकू कडाडल्या.

मी डोकावून पाहिलं. टॅब्लेटवर हवामानाचा अंदाज होता. काका सगळी चर्चा मनाने रचून वाचत होते. खऱ्या निनादला इतकं सुंदर मराठी जन्मात आलं नसतं.

‘‘ये, बस,’’ काका मला म्हणाले. ‘‘‘सोबत’ या पानावर तुझाच फोटो आलाय चर्चेला. सांग हिला.’’

माझा कुठलाही फोटो आलेला नव्हता. काका माझ्याकडे बघत होते. मी सुचेल ते बोलायला लागले. ‘‘बसस्टॉप आहे. बस उभी आहे, दार उघडं. एक आजोबा पायरीशी थांबलेत, पण चढत नाहीत. मागे वळून बघतायत.’’

‘‘कोणाकडे?’’

‘‘ते फोटोत नाही, काकू. पण आजोबांच्या खांद्याला बायकांची पर्स आहे.’’

काकूंनी खिडकीकडचं तोंड आमच्याकडे वळवलं. मग म्हणाल्या, ‘‘हा ठेवा.’’

असं या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. मी खूश होऊन काकांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा उतरलेला. संमती झाली की चर्चा बंद, हा आमचाच नियम. त्यांनी घसा साफ केला.

‘‘माझा विरोध आहे,’’ ते म्हणाले.

‘‘तुमचा? स्वतःचा?’’

‘‘बस खोळंबलीय तिकडे. ड्रायव्हरचा विचार कोण करणार?’’

काकू खुर्चीत सरसावून बसल्या. ‘‘अहो, बायको मागे राहिलीय त्या माणसाची, आणि तुम्हाला टाइमटेबल सुचतंय?’’

मग जे जुंपलं ते थांबेना. मी कोट घालून निघाले तरी दोघांना पत्ता नव्हता. काकांचा मला फार हेवा वाटला, आणि ते इतके आवडले की गाडीत बसून थोडी रडले.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. काकू आता ब्रिस्टलला मुलीकडे असतात. रविवारी मुलगी फोन लावून देते. इकडचं तिकडचं बोलून होतं, मग काकू हळूच विषय काढतात. ‘‘तो बसचा फोटो गं. ह्यांचं चुकलंच होतं. नाही का?’’

हो म्हटलं तर बोलणं तिथेच संपेल.

‘‘नाही काकू,’’ मी म्हणते, ‘‘बस खोळंबली होती हे खरंच आहे.’’

आणि त्या सरसावून बोलायला लागतात.