पाठीवर न मावणारं नाव

आमचे हे बाइंडर. गेली एकतीस वर्षं विद्यार्थ्यांचे प्रबंध बांधतात. एवढीशी खोली, पुठ्ठ्यांचे ढीग आणि चिकटवायचं उग्र वासाचं सोल्युशन. खिडकी उघडायची नाही, कारण सोनेरी अक्षरांचा वर्ख उडतो! खोकून खोकून बेजार होतात, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, "धुळीचा आहे." सांगून सांगून माझी जीभ झिजली.

आणि ती प्रबंधांची नावं! एक धड असेल तर शपथ. पुठ्ठ्याच्या पाठीवर जागा वीतभर, नाव हातभर. म्हणून ह्यांचा नेम: नाव शेपटाकडून सोडवत यायचं, अर्थ लागला की छोटं करून छापायचं. तोवर पोरं ताटकळत उभी.

परवा एक मुलगी धावत आली. बाकीच्या दुकानांनी नाही म्हटलेलं, आणि पाचच्या आत प्रबंध जमा केला नाही तर वर्ष वाया. नाव काय? 'बंदिस्तकार्यस्थळीय द्रावकयुक्तचिकटद्रव्यबाष्प-दीर्घसंपर्कजन्य फुप्फुसक्षमताऱ्हासाचे ग्रंथबांधणीकामगारविषयक अध्ययन'.

"अगं बाई, श्वास घ्यायला तरी जागा ठेवायचीस!" मी म्हटलं.

"मॅडमनी लांबवलंय हो, काकू." ती रडवेली झाली.

"अहो, छापा ना पटकन! पोरीचा जीव टांगणीला लागलाय."

पण हे कसले ऐकतात! चष्मा पुसून शेवटापासून लागले. "अध्ययन म्हणजे अभ्यास. कोणाचा? ग्रंथबांधणी कामगार... अरे, म्हणजे आम्हीच की! काय झालं त्यांना? फुप्फुसांची ताकद कमी झाली. कशाने? सोल्युशनच्या वाफेने, वर्षानुवर्षं. कुठे? बंद..." आणि खोकल्याची उबळ आली.

मुलीने मान खाली घातली, तेव्हा मी तिला ओळखलं. दोन वर्षांपूर्वी हीच येऊन ह्यांना नळीत फुंकायला लावून गेली होती. निकाल सांगायला मात्र पुन्हा फिरकली नाही. असा संताप आला म्हणून सांगू!

ह्यांनी पाठीवर दोनच शब्द छापले: 'बाइंडरची फुप्फुसं'. साडेचारला प्रबंध तिच्या हातात देताना विचारलं, "यात मी कुठला?"

तिने पानं उलटली आणि एका यादीवर बोट ठेवलं. क्रमांक एकवीस. पुढे एकच शब्द, अर्थ लावायला न लागणारा: 'गंभीर'.

मी उठून खिडकी सताड उघडली. वर्ख खोलीभर उडाला. हे ओरडले नाहीत.