अर्धीच निळी ओळ

काचीगुड्यात कुसुमताई भालकीकरांना ओळखत नाही असा मराठी माणूस सापडणं मुश्किल. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी घराच्या पुढच्या खोलीत वधू-वर मंडळ उघडलं, आणि वर्गातला दरारा तसाच सोबत आणला. त्यांचा एक पक्का नियम होता, खरं तर सगळ्या समाजाचाच होता. मुलीकडच्यांनी स्थळ एकदाच कळवायचं. उत्तर आलं नाही तर नकार समजायचा आणि गप्प बसायचं. पुन्हा विचारणं म्हणजे आपणच आपली किंमत उतरवणं!

दोन हजार साल उजाडलं तोवर निम्मी पोरं अमेरिकेत जाऊन बसली होती. ताई कसल्या डगमगतात! हिमायतनगरला कंप्युटरचं दुकान थाटलेल्या युवराजला त्यांनी बोलावून घेतलं.

"दर रविवारी नवी स्थळं ईमेलने आपोआप गेली पाहिजेत. मी बटणं दाबत बसणार नाही."

"जातील की मावशी. पण पत्रात फोटो नक्को, उघडता उघडता लाइन तुटते. नुसती साधी अक्षरं, आणि खाली मुलीच्या पानाचा पत्ता. वाचणाऱ्याच्या कंप्युटरवर तो पत्ता आपोआप निळा होतो. त्यावर क्लिक केलं की पान उघडतं, फोटोसकट."

"पत्त्यात काय लिहिणार?"

"काहीही चालतं. एखादा नंबर टाकू."

"नंबर? मुली काय तुरुंगात आहेत? मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गोत्र, मूळ गाव, सगळं आलं पाहिजे. पत्ता वाचूनच घराणं कळायला हवं."

"हौ मावशी," युवराज म्हणाला. बिचाऱ्याची दुसरं काही म्हणायची टाप नव्हती.

पत्रं जाऊ लागली. मीना राव नावाच्या मुलीचं बघता बघता जमलं आणि ताईंनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. पण पुढं सगळं थंड. त्यातही स्वातीचं त्यांना फार लागलं. लक्ष्मणराव वसमतकर वकिलांची ही मुलगी, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, हसायला लागली की शेजारचं घर हसायचं. तिचं पत्र कितीतरी घरी गेलं. एकाही घरून उत्तर नाही.

एके दिवशी लक्ष्मणराव स्वतः आले. बसलेसुद्धा नाहीत.

"ताई, स्वातीचं नाव काढून टाका. पोर आरशासमोर उभी राहीनाशी झालीय. काल म्हणाली, बाबा, माझ्या तोंडाकडं बघूनच लोक गप्प बसत असतील."

असली गुणी पोर, आणि ती असं बोलते? "आठ दिवस द्या मला," ताई म्हणाल्या, आणि लक्ष्मणरावांची पाठ वळताच जन्मात केलं नव्हतं ते केलं. नांदेडला मंगलाबाईंना फोन लावला. त्यांच्या शिकागोतल्या मुलासाठी, अरविंदसाठी, स्वातीचं स्थळ सुचवलं होतं.

"मंगलाबाई, पुन्हा विचारतेय, राग मानू नका. मुलगी का नाही पटली?"

"राग कसा नाही येणार?" पलीकडून मंगलाबाई कडाडल्या. "पत्र पाठवायचं, आणि पोरानं उघडायला जावं तर पान गायब! फोटो काढून घेतलात, म्हणजे तुमचाच नकार. आम्ही कशाला पुन्हा विचारू?"

अगाई! ताईंनी रिक्षा केली ती थेट हिमायतनगर. युवराजनं आपल्या कंप्युटरवर स्वातीचं पत्र उघडलं, क्लिक केलं, पान हजर. "बघा मावशी, एकदम बराबर चालतंय."

"तुझ्या पत्रपेटीत चालतंय. शिकागोतला पोरगा कुठं वाचतो?"

युवराज थबकला. मग लोक सर्रास वापरतात ती फुकटातली ईमेल उघडून त्यानं तेच पत्र तिकडं पाठवलं. आलेलं पत्र पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. स्वातीचा पत्ता एका ओळीत मावलाच नव्हता. गोत्रापाशी तुटून उरलेला खालच्या ओळीत गेला होता. वरची ओळ निळी, खालची काळी. निळीवर क्लिक केलं तर अर्धाच पत्ता गेला आणि पडद्यावर आलं, असं पान नाही.

"आणि मीनाचं?"

"तिचं नाव छोटं, गाव बीदर. सगळं एका ओळीत बसलं." युवराज चाचरत म्हणाला, "माझीच चूक मावशी, मी इथं तपासायला हवं होतं."

"गप रे. घराणं कुणी कोंबलं त्यात? मीच ना? काढ सगळं. नंबर टाक, आणि पत्ता वेगळ्या ओळीवर एकटा ठेव."

त्याच संध्याकाळी ताई वसमतकरांच्या घरी गेल्या. लक्ष्मणरावांना त्यांनी बोलूच दिलं नाही, सरळ स्वातीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. आपलं काय चुकलं तेही.



"म्हणजे मावशी, मला बघून कुणी नाही म्हटलंच नाही?"

"अगं, तुला कुणी बघितलंच नाही!"

स्वाती हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. मग एकदम भडकली. "आणि मी वेडी, गॅदरिंगच्या फोटोतसुद्धा पाठ करून उभी राहिले!" ताईंनी तिला पोटाशी धरलं. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण ते कुणाला कबूल करणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

रविवारी नव्यानं पत्रं गेली. दोनच दिवसांत अरविंदचं उत्तर आलं. पान उघडलं, फोटो पाहिला, बोलायला आवडेल. मागं पान दिसेना तेव्हा तुमचा नकार समजून गप्प बसलो.

लक्ष्मणराव हरखले, पण वकीलच ते. "चार दिवस जाऊ द्यावेत. लगेच उत्तर देणं बरं दिसत नाही."

"काही नको चार दिवस!" ताई गरजल्या. "स्वाती, बस आणि लिही."

स्वाती युवराजच्या दुकानात कंप्युटरपुढं बसली. आधी चार ओळी नेहमीच्या लिहिल्या, नोकरी, आवडीनिवडी. थोडी थांबली. मग शेवटी एक ओळ घातली आणि ताईंकडं वळून मोठ्यानं वाचली.

"तुमचं उत्तर आलं नाही, तर मी पुन्हा विचारीन."