पाटलाच्या घरच्या सात डब्या

जे झालं त्यात दोष मोठेबाबांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला वडीलधाऱ्यांचा मान शिकवायला नको. मोठेबाबा म्हणजे माझे थोरले काका, कामरगावजवळच्या आमच्या खेड्याचे पाटील. मॅट्रिकच्या तोंडावर त्यांनीच माझी शाळा सोडवली. "शिकून काय बालिस्टर होऊन राह्यला का तू?"

मग मी मंगरूळपीरच्या डॉक्टरांकडे लागलो. ते स्वतःहून वस्त्यावस्त्यांत जाऊन क्षयाचे रोगी शोधायचे. बैलांच्या हलक्या दमणीत डॉक्टर, कंपाउंडर करीमचाचा आणि नावं लिहायला मी. दोन हिवाळे मजेत फिरलो. अशा फिरण्यात किस्से धोतराला कुसळं चिकटावीत तसे चिकटतात. काही उपटून ठेवतो.

*

कापसाच्या एका जिनात मुकादमानं धडधाकट मजूर ओळीनं उभे केले. "आमच्या इथं खोकला नायी, साहेब."

डॉक्टर "बरं" म्हणाले आणि तिथंच बसून राहिले. उठेनात. थोड्या वेळानं मागचा कापसाचा ढीग खोकला.

चाचा शांतपणे मला म्हणाले, "लिखो बापू. नाव कापूस. बापाचं नाव सरकी."

आधी ओळ हसली, मग ढीग हसला. ढिगातून चार माणसं बाहेर आली.

*

मेडशीकडच्या एका तांड्यावर आमची दमणी दिसली की लोक पळायचे. त्यांना आम्ही पोलीस वाटायचो. पहिल्या दिवशी अख्खा तांडा डोंगरात. झोपडीपुढं एकटी बाई बसलेली, हाडांचा सापळा.

डॉक्टर म्हणाले, "तू नाही गेलीस?"

"पळता आलं असतं तर मीबी गेले असते."

तिलाच क्षय निघाला. तेव्हापासून तांडा जवळ आला की चाचा गाडीवानाला सांगायचे, "जरा आवाज कर, सब को भागने दे. जो बैठा रहा, वो अपना."

*

थुंकी आणायला आम्ही पत्र्याच्या छोट्या डब्या द्यायचो. मंगरूळपीरलाच एका म्हातारीनं दुसऱ्या दिवशी डबी आणून दिली. चाचांनी उघडली तर आत गुळाचा खडा. लोकाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तिच्या घरची रीत.

"आजी, यात थुंकायचं होतं," मी म्हणालो.

"वा रे वा. लोकाच्या भांड्यात थुंकतात काय? तुह्या मायनं हेच शिकवलं का तुले?"

खडा चाचांच्या तोंडात गेलेला होता. ते चघळत म्हणाले, "बाई खरं बोलून राह्यली."

*

आता आमचं गाव. चावडीवर मोठेबाबांनी जाहीर केलं, "आमच्या गावात क्षय नायी. मी लेखी देतो."

डॉक्टर म्हणाले, "द्या. पण जंतूंना वाचता येत नाही, पाटील."

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. गोदावहिनी, मोठेबाबांची सून, चुलीपुढं खोकायची. मोठेबाबाही खोकायचे. पण त्यांचा खोकला तंबाखूचा आणि तिचा रोगाचा, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. "रोग तिच्या माहेरातून आला. पौषात धाडतो तिले तिकडं. लेकरू इथंच राहीन." लेकरू आठ महिन्यांचं, अंगावर पिणारं. घरात एकाचीही तोंड उघडायची हिंमत नव्हती. माझ्या बापाची तर नव्हतीच.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते मोठेबाबांना म्हणाले, "सुनेला धाडण्याआधी घरातल्या सगळ्यांची थुंकी तपासू."

चाचा घरातली नावं विचारू लागले. मोठेबाबांनी मिशीला पीळ देत नातवाचंही नाव सांगितलं. चाचांनी त्याचीही डबी केली. एकूण सात.

सकाळी साती डब्या भरून तयार. डॉक्टरांनी मंगरूळपीरला नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. साती डब्यांत जंतू. बाळाच्याही डबीत.

डॉक्टर परत आले आणि ओसरीवर बसले. "पाटील, आठ महिन्यांचं पोर डबीत थुंकलं कसं?"

"ते कायचं थुंकते? घरचा कर्ता मी हाओ. आमच्या घरच्या बाया परक्यासाठी डबीत थुंकत नसतात. म्हटलं, कागदावर घर साफ राहू द्या. सगळ्याइचं मीच थुंकलो."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. चाचा उठून बैलांकडे गेले. दाराआड वहिनी उभी होती. तिनं हात बाहेर काढला आणि म्हणाली, "मले कोरी डबी द्या."

तिच्या डबीत काही निघालं नाही. मग इतरांनीही आपापल्या डब्या भरल्या, त्यांतही नाही.

मोठेबाबांची खाट मळ्यातल्या झोपडीत गेली. पाटीलकी गेली. नातवाला त्यांना पुन्हा मांडीवर घेता आलं नाही.