दादाचा डावा डोळा

माझा दादा मातीच्या ट्रॅकवर गाड्या पळवायचा आणि तीनदा चॅम्पियन झाला. तिसऱ्या वेळेस त्याला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. हे दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला.

बाबा रेल्वेत होते. वर्ध्याहून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही मराठी बोलायचो, दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. दादाला अभ्यास जमला नाही. बाबांनी रेल्वेच्या परीक्षेचा फॉर्म आणला तेव्हा तो भनपुरीला ट्रकच्या गॅरेजात लागूनही गेला होता. ट्रक दुरुस्त झाला की ट्रायल घ्यायला त्यालाच पाठवत. आवाजावरून तो सांगायचा की कुठलं बेअरिंग गेलंय, आणि खोलून पाहिलं की तेच निघायचं.

राज्य तेव्हा नवीन झालं होतं. नव्या राजधानीसाठी शहराबाहेरच्या जमिनी मोजून घेतल्या होत्या. रस्ते आधी झाले, सहा-सहा गाड्या शेजारी चालतील असे, आणि माणसं यायची राहिली. रविवारी सकाळी दादा तिथे जायचा. भनपुरीच्या भंगारातून एक ठोकलेली छोटी गाडी त्याने उचलली होती. तिच्या काचा काढल्या, समोर जाळी लावली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केला. त्याच सुमारास शहरातल्या काही हौशी लोकांनी क्लब काढून एका सपाट प्लॉटवर मुरूम टाकून, रोलर फिरवून लंबगोल ट्रॅक तयार केला. दर हिवाळ्यात चार-पाच रविवार शर्यती. सहा गाड्या एकदम सुटायच्या, बारा फेऱ्या, आणि ट्रॅक सगळीकडे उजवीकडेच वळायचा.

मी समता कॉलोनीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात काम करायची. डॉक्टर पाहायच्या आधी पेशंटला खुर्चीत बसवायचं, चार्ट वाचायला लावायचा, नंबर लिहून ठेवायचा. रविवारी मला सुट्टी. त्यामुळे शर्यतीला वेळ मोजणाऱ्यांच्या टेबलावर मलाही बसवत, हातात स्टॉपवॉच देऊन.

दादाची गाडी वळणावर आडवी व्हायची. बाकीचे वळणाच्या आधी ब्रेक मारायचे, तो नाही. गाडीचं मागचं अंग बाहेर फेकून, लाल धूळ उडवत तो तशीच तिरपी वळण पार करायचा आणि सरळ पट्ट्यावर आला की गाडी आपोआप सरळ झालेली असायची. दोन वर्षं त्याला कोणी हरवलं नाही. बाबा कधी पाहायला आले नाहीत, पण पहिला कप त्यांनी देवघराच्या वरच्या फळीवर ठेवला आणि कोणी आलं की स्वतःहून खाली काढून दाखवायचे.

दुसऱ्या वर्षीच्या शेवटच्या शर्यतीत ट्रॅकवर जास्त पाणी मारलं होतं. चिखलाने हेल्मेटची काच भरली म्हणून दादाने ती वर केली, आणि पुढच्या गाडीच्या चाकाखालचा खडा जाळीतून येऊन त्याच्या डोळ्यावर लागला. शर्यत तो जिंकला. डोळा सुजला, आठवड्याभरात सूज उतरली. त्यानंतर दीड महिना त्याला त्या डोळ्यात काजवे चमकताना दिसत होते, मग कडेने काळी सावली चढत आली. त्याने घरी सांगितलं नाही. मी दिवसभर पेशंटना समजावून सांगायची, काजवे दिसले तर त्याच दिवशी या, डोळ्याच्या आतला पडदा सुटत असतो. माझ्याच ताटाशेजारी बसून तो जेवत होता.

अर्धा डोळा काळा झाला तेव्हा कुठे त्याने मला सांगितलं. नागपूरला ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. डोळा बाहेरून ठीक दिसायचा. समोर हात हलवला तर हालचाल कळायची, तेवढंच. आईबाबांना आम्ही सांगितलं की ऑपरेशन चांगलं झालं.

पुढचा हिवाळा आला. शर्यतीत उतरायचं तर दर वर्षी फिटनेसचा फॉर्म लागायचा, त्यात दोन्ही डोळ्यांचे रकाने. एका दुपारी, दवाखाना बंद असायच्या वेळेत, दादा आला आणि खुर्चीत बसला.

‘‘घे तपासून,’’ म्हणाला.

मी त्याचा उजवा डोळा झाकला. त्याने समोर पाहत वरपासून खालपर्यंत इंग्रजी अक्षरं धडाधड म्हटली, शेवटच्या ओळीपर्यंत. एकही चुकलं नाही. आमच्याकडे दोन चार्ट होते. एक इंग्रजी, एक हिंदी अक्षरांचा, आणि सकाळी आलेल्या म्हाताऱ्या पेशंटसाठी मी हिंदीचा लावला होता. तो तसाच होता.

मी झाकण काढलं. त्याने उजव्या डोळ्याने भिंतीवरचा हिंदी चार्ट पाहिला. मग म्हणाला, ‘‘ट्रॅक उजवीकडंच वळते. मी उजव्याच बाजूले बसतो. डावीकडं पाहाचं काय आहे?’’

मी म्हटलं की डॉक्टर माझ्यावर विश्वास ठेवून सही करतात. तो म्हणाला, ‘‘मले दुसरं काही येते का? तूच सांग.’’

गॅरेजातला दादा आणि ट्रॅकवरचा दादा, दोन्ही मी पाहिले होते. मी दोन्ही रकान्यांत सिक्स बाय सिक्स, म्हणजे नजर ठणठणीत, असं लिहिलं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी इतर कागदांसोबत सही केली.

त्या फॉर्मवर दादा तिसऱ्यांदा चॅम्पियन झाला. पेपरात फोटो आला. त्यानंतरच्या वर्षीही फॉर्म मीच भरला. त्या वेळेस त्याला खुर्चीत बसवलंसुद्धा नाही.

त्या वर्षीची दुसरी शर्यत. दुपारचं ऊन, गर्दी बरीच. दुसऱ्या वळणावर एक गाडी आतल्या बाजूला उलटली आणि तिच्यातून धूर निघायला लागला. वळणाच्या बाहेरच्या कडेला पिवळा झेंडा घेऊन एक जण उभे असायचे. जवळच्याच गावातल्या शाळेत खेळाचे मास्तर होते. दर वर्षी हौसेने यायचे, मला ‘दीदी’ म्हणून हाक मारायचे. त्यांनी झेंडा हलवला, आणि उलटलेल्या गाडीतला ड्रायव्हर बाहेर येत नाही हे पाहून ते ट्रॅकवर धावले. पुढच्या दोन गाड्यांनी त्यांना पाहिलं आणि वेग कमी केला. दादा उलटलेली गाडी टाळायला बाहेरच्या बाजूने आला. मास्तर त्याच्या डावीकडे होते.

मी टेबलावरून उठून उभी होते. दादाने ब्रेक मारला नाही. वळण घेताना मारत नसे, तो भाग वेगळा. समोर माणूस दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, तसाही त्याने मारला नाही.

पुढे जाऊन गाडी थांबली. लोक धावले, मीही धावले. दादा पिंजऱ्यातून बाहेर आला, हेल्मेट काढलं आणि मला विचारलं, ‘‘काय लागलं?’’

मास्तर दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले.

आयोजकांनी चौकशी केली. नियम असा होता की लाल झेंडा दाखवून सगळ्या गाड्या थांबवल्याशिवाय कोणी ट्रॅकवर उतरायचं नाही. मास्तर आधीच उतरले होते. चूक त्यांची, असा कागद झाला आणि पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. घरी आल्यावर दादाने एवढंच म्हटलं, ‘‘तू काही बोलू नको.’’ मी ‘हव’ म्हटलं. तो जेवायचा नाही. गॅरेजात जायचा आणि गाडीखाली आडवा पडून राहायचा. शर्यतीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

मला चार्टसमोर उभं राहणं कठीण झालं. पेशंट अक्षरं वाचायचे आणि मला ऐकू यायचं नाही. दोन महिन्यांनी मी मास्तरांच्या गावाला गेले, एकटी. त्यांच्या बायकोने मला ओसरीत बसवलं, पाणी दिलं. दशगात्राला, म्हणजे दहाव्याला, शाळेचे, क्लबचे, सगळे आले होते म्हणाली. मग जमिनीकडे पाहत म्हणाली, ‘‘सब झन कहिथें, ओही दउड़ के गिस.’’ सगळे म्हणतात, तोच धावत गेला. मुलांना खेळाचे नियम शिकवणारा माणूस स्वतःच्या उतावळेपणाने मेला, असं शाळेतही बोलून झालं होतं. मोठ्या मुलीने त्या शाळेत जाणं सोडलं होतं.

मी तिला सांगितलं. खडा, पडदा, फॉर्म, सगळं. हिंदीत सांगत होते, मध्येच मराठी शब्द येत होते, ती थांबवत नव्हती. माझं झाल्यावर ती आत गेली. मला वाटलं, आता कोणाला तरी बोलावून आणेल. ती मुलीची वही आणि पेन घेऊन आली.

‘‘लिख के दे, दीदी,’’ म्हणाली.

मी लिहून दिलं. दीड पान झालं. तिने सगळं हळूहळू वाचलं, एका शब्दावर बोट ठेवून विचारलं की हा काय आहे, मी तो पुन्हा नीट लिहिला. खाली सही केली. ती रडली नाही. मी निघताना इतकंच म्हणाली की पुन्हा येऊ नको.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘‘दस्तखत तो मेरे हैं,’’ म्हणाले. मग मला घरी जायला सांगितलं. त्यानंतर मी त्या दवाखान्यात गेले नाही. दादाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं, आईबाबांच्या समोर. बाबा उठून बाहेर गेले. आईला आधी कळलंच नाही की दादाचा डोळा गेलेला आहे. ती उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याचा उजवा डोळा हाताने झाकून विचारत राहिली, ‘‘मी दिसून राहिली का तुले? दिसून राहिली का?’’

ते पत्र शाळेत सगळ्यांसमोर वाचलं गेलं. मुलगी पुन्हा शाळेत जायला लागली, हे मला दुसऱ्याकडून कळलं. केस पुन्हा उघडली. दादाचा परवाना गेला, क्लबने किताब काढून घेतले, कप मागितले. बाबांनी ते स्वतः पोत्यात भरून नेऊन दिले. दादा भनपुरीत गॅरेजच्या मागे खोली घेऊन राहायला लागला. माझ्याशी बोलणं बंद.

केसमध्ये माझंही नाव आहे, डॉक्टरांचंही. तारखा पडत राहतात. मागच्या पावसाळ्यात एका तारखेला कोर्टाच्या वरच्या मजल्यावर बसायला जागा नव्हती, तेव्हा दादा माझ्याच बाकावर येऊन बसला. दाढी पांढरी होत आली होती. हातांना ग्रीसचा वास. तासभर आम्ही समोरच्या दाराकडे पाहत बसलो.

मग तो म्हणाला, ‘‘तू त्या दिवशी दवाखान्यात मले ‘नाही’ काहून नाही म्हटलं?’’

‘‘तू ऐकलं असतं का?’’

त्याने विचार केला. ‘‘नसतं ऐकलं,’’ म्हणाला. ‘‘पण तू म्हटलं असतं.’’

शिपायाने आमची नावं पुकारली. आम्ही आत जाऊन उभे राहिलो. त्या दिवशी साक्षीदार आला नव्हता म्हणून पुढची तारीख मिळाली. दादाने माझ्याकडून पेन मागून घेतला, तारीख तळहातावर लिहिली, पेन परत दिला आणि कठड्याला धरून एकेक पायरी जिना उतरला. मी वर थांबले, तो खाली रस्त्यावर जाईपर्यंत.